वय बत्तीस, तरी आई हवीच!

आपल्या मराठी घरांतल्या मुली आज इंदूरला बँकेत अधिकारी आहेत, पुण्या-बंगळूरला कंपन्यांमध्ये मोठमोठी कामं सांभाळतात, शाळा-कॉलेजांत शिकवतात, स्वतःचे दवाखाने चालवतात. फ्लॅट घेताना किंवा नोकरी बदलताना त्या आईला विचारतीलच असं नाही. पण बाळाने दुपारचं दूध घेतलं नाही, की हात आपोआप फोनकडे जातो आणि पहिला नंबर लागतो तो आईचाच. "आई, हा आज जरा वेगळाच रडतोय गं..."

मोबाईलवर सगळी माहिती आहे. बालरोगतज्ज्ञ दोन गल्ल्या सोडून आहेत. तरी आईच का? माझी एक मामेबहीण सव्वीस वर्षांची आहे. तिने मला हे सरळच विचारलं, "ताई, तुम्ही सगळ्या इतक्या शिकलेल्या. मग मूल झालं की एकदम लहान का होता?" प्रश्न जरा टोचरा होता, पण विचार करायला लावणारा होता. लग्न ठरायच्या किंवा पहिल्या बाळाची वाट बघण्याच्या वयात असलेल्या आपल्या सगळ्या मुलामुलींसाठी त्याचं उत्तर मांडून बघते.

आठवड्याने येणारं उत्तर

माझं माहेर सोनकच्छचं. देवास जिल्ह्यातलं, कालीसिंध नदीच्या काठचं, इंदूर-भोपाळ रस्त्यावरचं हे तहसिलीचं गाव. आमच्या गल्लीत मराठी घर आमचं एकच. बाकी सगळे मालवी बोलणारे शेजारी. आईचं माहेर मात्र धारचं. धारहून सोनकच्छला यायचं तर इंदूर आणि देवास दोन्ही ओलांडून यावं लागतं. आज आपण गाडीने सहज जातो, पण तेव्हा एसटी बदलत बदलत यायचं म्हणजे अख्खा दिवस जायचा.

पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीप्रमाणे माझा जन्म धारला झाला. सव्वा महिन्यानंतर आई मला घेऊन सोनकच्छला आली आणि मग पत्रं सुरू झाली. घरात फोन नव्हता. आजीची ती निळी अंतर्देशीय पत्रं आईने अजून एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली आहेत. मी ती वाचली आहेत. एकात लिहिलंय, मुलगी आता सहा महिन्यांची झाली, वरणाचं नुसतं पाणी पाजू नकोस, घट्ट वरण आणि मऊ भात कुस्करून दे. दुसऱ्यात, रात्री ती उठत असेल तर दिवसा ती झोपली की तूही आडवी हो, भांडी पळून जात नाहीत.

गंमत अशी, की आईने पत्र टाकायचं आणि धारहून उत्तर यायचं, यात आठवडा सहज निघून जायचा. तोवर माझी सर्दी बरी झालेली असायची. मी एकदा आईला विचारलं, "मग पत्र लिहायचीस कशाला? उत्तराचा उपयोग काय?"

आई म्हणाली, "लिहून पेटीत टाकलं की अर्धं हलकं वाटायचं. तिला कळणार आहे, एवढंच पुरे व्हायचं."

मला वाटतं, माझ्या मामेबहिणीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. सल्ला तर शेजारच्या मालवी काकीही द्यायच्या, गावातले डॉक्टरही द्यायचे. पण आपली धास्ती जिच्यासमोर न लाजता मांडता येईल अशी एकच बाई होती, आणि ती धारला होती.

माहेरच्या बाळंतपणाची रीत

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची जुनी रीत. तिच्यामागे साधी कारणं होती. मुलींची लग्नं फार लहान वयात व्हायची. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचं लग्नाचं वय चौदा ठरवलं, तेही त्या काळी पुष्कळांना जास्त वाटलं होतं. अठरा वर्षांची अट आली ती १९७८ च्या दुरुस्तीने. म्हणजे आपल्या पणज्या पहिलटकरीण होत्या, तेव्हा त्या स्वतःच पोरवयाच्या होत्या. सासरी कामाचा रगाडा, मोठ्यांसमोर बसायचीही चोरी. अशा घरात "मला दुखतंय" म्हणायला तोंड उघडत नसे. माहेरी मात्र ते म्हणता यायचं.

म्हणून सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की मुलगी माहेरी जायची. तिथे तेल-मालिश, शेक, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, जेवणानंतर ओवा आणि बाळंतशेपा. पाचव्या दिवशी पाचवी पुजायची, बाराव्या दिवशी बारसं. सव्वा महिना बाळंतिणीने चूल बघायची नाही. आमच्या मालवी शेजाऱ्यांकडे या दिवसांना 'जापा' म्हणतात. त्यांच्याकडे सुंठीचे लाडू आणि हरीरा असतो. भाषा वेगळी, पदार्थ थोडे वेगळे, पण हिशेब तोच. पहिले काही आठवडे बाईने फक्त बाळाला पाजायचं आणि स्वतः सावरायचं. बाकी सगळं दुसऱ्यांनी करायचं.

हा हिशेब फक्त आपलाच नाही. चीनमध्ये बाळंतीण एक महिना घरात राहते, त्याला 'महिना बसणं' अशा अर्थाचाच शब्द आहे. मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेत चाळीस दिवसांचा असाच काळ पाळतात. आणि आपली आशाताई? दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सरकारी नियमाप्रमाणे तिने घरी यायचे दिवस आहेत तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. म्हणजे सरकारचा हिशेबही आपल्या सव्वा महिन्याच्या जवळच येऊन थांबतो.

या रीतीतली मला सर्वात शहाणपणाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. मुलीला मदत मागावी लागत नव्हती. माहेरी जाणं हा तिचा हक्क होता, त्याला मुदत होती, आणि "कशाला गेली?" असं कोणी विचारत नव्हतं. मदत मागताना जो संकोच होतो, तो रीतीने आधीच काढून टाकला होता.

कारण गेलं, गरज वाढली

आता बघा. मुली पंधराच्या नाहीत, तिशीच्या आहेत. सासरीही पूर्वीसारखा धाक उरलेला नाही. सुईण नाही, तर डॉक्टर आहेत. आपल्या मध्य प्रदेशात २००५-०६ साली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झालं, तेव्हा शंभरातली जेमतेम सव्वीस बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, रस्ते झाले, गाड्या आल्या, आणि २०१९-२१ च्या सर्वेक्षणात हाच आकडा नव्वदच्या वर गेला. केवढा मोठा बदल हा! कितीतरी आया आणि कितीतरी बाळं त्यामुळे वाचली.

मग माहेरची आणि आईची गरज कमी व्हायला हवी होती. झालं उलटंच.

एक तर दवाखाना दोन-चार दिवसांचा असतो. बाळ अंगावर घेऊन घरी आलो की पुढचं सगळं आपल्याच हातात. आणि त्या हातांना सवय नसते. आजीच्या काळी मुलगी दहा-बारा वर्षांची होईतो तिने धाकटी भावंडं, चुलत भावंडं, शेजारची पोरं काखेत घेतलेली असायची. बाळाची मान कशी धरायची हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, ते बघूनच आलं होतं. १९९२-९३ साली आपल्या देशात एका बाईमागे सरासरी ३.४ मुलं होती, २०१९-२१ मध्ये ती २ वर आली. छोटं कुटुंब झालं हे चांगलंच झालं. पण त्यामुळे आज कितीतरी मुली आयुष्यात पहिल्यांदा तान्हं बाळ हातात घेतात, ते थेट स्वतःचंच असतं. मीही त्यातलीच एक.

दुसरं म्हणजे, पूर्वीच्या घरात हात पुष्कळ होते. काकू, आत्या, थोरली जाऊ, लग्न होऊन शेजारीच राहिलेली मावशी. एक अंघोळ घाली, एक झोळीला दोरी देई, एक नुसती गप्पा मारत बसे. आता दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये नवरा-बायको आणि बाळ. त्या सगळ्या हातांपैकी हक्काचा हात कुठला उरला? आईचा. म्हणजे तिशीतली मुलगी आईवर जास्त विसंबते, यात तिचं लहान होणं फारसं नाही. पूर्वी दहा जणींमध्ये वाटलं जाणारं काम आता एका बाईकडे आलं आहे.

माणसाचं मूल एकटीने वाढत नाही

हे केवळ आपल्या संस्कृतीचं कौतुक नाही. माणसाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञही फिरून इथेच आले आहेत. टांझानियातल्या हाड्झा या शिकार करून, कंदमुळं खणून राहणाऱ्या लोकांमध्ये क्रिस्टन हॉक्स आणि त्यांचे सहकारी गेले. त्यांना दिसलं, की म्हाताऱ्या बायका दिवसभर कंद खणतात आणि नातवंडांना खाऊ घालतात. आईच्या कुशीत नवं तान्हं असतं, तेव्हा तिच्या थोरल्या मुलाचं पोट बरंचसं या आजीच्या कष्टावर भरतं. बाईचा मासिक धर्म थांबल्यावरही माणसाच्या जातीत ती इतकी वर्षं का जगते, याचं एक उत्तर त्यांना या आजीत सापडलं.

आफ्रिकेतल्याच गांबिया देशातल्या काही खेड्यांची जुनी नोंद रेबेका सिअर आणि रूथ मेस यांनी तपासली. तिथे ज्या लहान मुलांची आईकडची आजी हयात होती, ती मुलं जास्त चांगली पोसली जात आणि जास्त जगत. आणि सारा हर्डी या अभ्यासक बाईंनी २००९ साली आपल्या पुस्तकात सगळ्याचं सार सांगितलं. माणसाचं मूल इतकं महागडं, इतकी वर्षं परावलंबी असतं, की ते एकट्या आईने वाढवावं अशी योजनाच निसर्गाची नव्हती. सुरुवातीपासून ते अनेकांच्या हातावर वाढत आलंय.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. जगभरातल्या अशा नोंदी एकत्र पाहिल्या तर कुठे कुठे वडिलांकडच्या आजीचाही तितकाच आधार दिसतो. त्यामुळे "आईच ती आई, सासू ती सासू" असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. आपल्या माळव्यातल्या कितीतरी घरांत नोकरी करणाऱ्या सुनेची मुलं सासूबाईंनीच वाढवली आहेत. काही मुलींना आई नसते, काहींचं आईशी पटत नाही. त्यांची मुलंही छान वाढतात. गरज असते ती एका जाणत्या, मोकळ्या हाताच्या माणसाची. बहुतेकींच्या नशिबात ते माणूस आई असतं, इतकंच.

आठवी रात्र

आता पत्रांमधून जे अर्धं उत्तर मिळालं, त्याचा दुसरा अर्धा भाग. हे लिहू की नको असं दोनदा वाटलं, पण लिहिते, कारण तरुण मुलींपर्यंत हे पोचायला हवं.

माझ्या पहिल्या बाळंतपणानंतरची आठवी रात्र होती. सगळं व्यवस्थित होतं. मुलगी गुटगुटीत, टाके सुकत आलेले, घरात पेढे वाटून झालेले. आणि मला काही केल्या रडू थांबेना. कारण विचाराल तर सांगता येत नव्हतं. हे मूल आपल्याला झेपणार नाही, आपण आई व्हायलाच नको होतं, असं काहीतरी मनात येत होतं. हे नवऱ्याला सांगायची लाज वाटली, सासूबाईंना तर सांगणंच शक्य नव्हतं.

आई उठली. तिने दिवा लावला नाही. मुलीला आपल्या मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "तू झालीस तेव्हा मलाही असंच झालं होतं. पंधरा दिवस. तुझ्या आजीखेरीज कोणाला ठाऊक नाही."

तेवढ्याने मी बरी झाले असं नाही, पण त्या रात्री झोपले. आपण वाईट आई नाही आहोत, आपल्या आईलाही असं झालं होतं आणि तरी तिने आपल्याला नीट वाढवलं, हे कळणं त्या वेळी कुठल्याही औषधाइतकं मोलाचं होतं. हे दुसरं कोणी सांगितलं असतं तर मला पटलं नसतं. कारण त्या गोष्टीचा पुरावा मी स्वतःच होते.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस असं रडू येणं पुष्कळ जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ते ओसरतं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात शंभरातल्या सुमारे तेरा बाळंतिणींना त्यापुढचा, म्हणजे बहुतेक वेळा नैराश्याचा खरा आजार होतो, आणि आपल्यासारख्या देशांत हे प्रमाण आणखी जास्त आहे. तेव्हा दोन आठवड्यांनंतरही उदासी हटत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर आईच्या कुशीवर भागवू नका, डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते. आणि आयांनो, तुम्हालाही विनंती. "आमच्या वेळी नव्हती असली थेरं" असं म्हणू नका. तुमच्या वेळीही होती. फक्त ती कोणाला सांगता येत नव्हती.

आजी म्हणते एक, डॉक्टर म्हणतात दुसरं

आईवर विसंबायचं म्हणजे आई म्हणेल ते सगळं करायचं असं नाही. आपल्या घराघरांत पहिल्या महिन्यात जी धुसफूस होते ती इथेच.

आजचं वैद्यकशास्त्र स्पष्ट सांगतं. जन्मल्यावर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावं. पहिलं घट्ट पिवळं दूध, म्हणजे चीक, पिळून टाकू नये, ते बाळाला मिळायलाच हवं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. गुटी नको, मध नको, वरचं पाणीही नको. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, कारण त्यातून क्वचित पण जीवघेणा आजार होऊ शकतो. डोळ्यांत काजळ नको. बाळाला उताणं झोपवावं. आणि खोलीचं दार-खिडकी बंद करून कोळशाची शेगडी तर कधीच ठेवू नये, त्या धुराने माणसं दगावतात.

हे ऐकल्यावर आजी म्हणणारच, "आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?" तिचं म्हणणं खोटं नाही. सहाणेवर हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, बाळहिरडा उगाळून तिने प्रेमानेच गुटी पाजली होती. मग तिला परक्या माणसाच्या नावाने गप्प बसवणं बरं दिसत नाही.

आमच्याकडे यावर एक सोपा उपाय निघाला. पहिल्या तपासणीला बालरोगतज्ज्ञांकडे आईलाही बरोबर नेलं. तिने स्वतःच सगळे प्रश्न विचारले. डॉक्टरांनीही घाई न करता उत्तरं दिली. गुटी का नको हे तिला माझ्याकडून ऐकायचं नव्हतं, डॉक्टरांकडून ऐकलं आणि तिने सहाण उचलून ठेवली. उलट हलक्या हाताने मालिश करायला त्यांनी होकार दिला, बाळाला उघड्या छातीशी धरून बसायला तर आवर्जून सांगितलं. आईचा चेहरा खुलला. "हे आम्ही पदराखाली करतच होतो," ती म्हणाली. काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं हे एकदा ठरलं, की आजीचा अनुभव आणि डॉक्टरांचं ज्ञान एकाच घरात सुखाने नांदतात.

आईचा हिशेब कोण मांडतो?

आतापर्यंत सगळं लेकीच्या बाजूने झालं. आता आईकडे बघू या.

आज लेकीचं पहिलं मूल तिशीनंतर होतं, म्हणजे आजीचं वय साठीच्या आसपास असतं. पूर्वीची आजी चाळिशीची असायची. माझ्या आईचे गुडघे दुखतात, ती रक्तदाबाची गोळी घेते. सोनकच्छला बाबा एकटे असतात आणि त्यांना चहापलीकडे काही येत नाही. तरीही मुलीला ताप आला असं कळलं की दुपारच्या बसने ती इंदूरला हजर. पिशवीत लाडवांचा डबा, धुवून मऊ केलेल्या जुन्या साडीची दुपटी आणि स्वतःच्या गोळ्या, तेवढ्या मात्र हमखास एखाद-दुसरा दिवस कमीच असतात.

परदेशी असलेल्या मुलींच्या आयांची गोष्ट तर तुम्हाला माहीतच आहे. अमेरिकेत पाहुण्यांना साधारण सहा महिने राहता येतं. मग आधी सहा महिने आई, नंतर सहा महिने सासूबाई, असं वेळापत्रकच लागतं. बाहेर बर्फ, गाडी चालवता येत नाही, दिवसभर बोलायला कोणी नाही, आणि हातात नातवंड. हौसेने जातात, प्रेमाने करतात, पण थकून परत येतात. ते कोणाला सांगत नाहीत.

आणि हे सगळं आईवरच का येतं, याचं एक कारण बाहेरही आहे. १९६१ च्या कायद्याने नोकरदार बाईला बारा आठवड्यांची बाळंतपणाची पगारी रजा मिळाली. २०१७ च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे झाली, आणि पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय करायची अट आली. चांगलंच झालं. पण वडिलांचं काय? केंद्र सरकारच्या नोकरीत त्यांना पंधरा दिवस मिळतात. खासगी नोकरीत तेवढ्याचीही कायद्याने सक्ती नाही. सव्वीस आठवडे संपले की मूल सहा महिन्यांचं असतं, तेव्हा ते कोणापाशी ठेवायचं? ऑफिसजवळ भरवशाचं पाळणाघर नाही, नवऱ्याला रजा नाही. मग उरते आई. तिला रजेचा अर्ज करावा लागत नाही, पगार द्यावा लागत नाही, म्हणून ती सगळ्यांनाच सोयीची.

दुसऱ्या वेळी आम्ही आधीच बसून बोललो. तारीख ठरवताना पहिला प्रश्न आईला, "तुला जमेल का, आणि किती दिवस?" तिने सव्वा महिना सांगितला, तेवढाच धरला. बाबांनाही बरोबरच बोलावलं. स्वयंपाक सासूबाईंनी घेतला. मालिशवाल्या बाई लावल्या. बाळाची अंघोळ आणि रात्रीची ढेकर काढायचं काम नवऱ्याकडे. पहिल्या दिवशी त्याचे हात थरथरत होते, आठवड्याने तो आईला सांगत होता पाणी किती कोमट हवं ते. आणि दर रविवारी आईला पूर्ण सुट्टी. ती हसली, "बाळंतीण तू, आणि सुट्टी मला?" पण रविवारी सकाळी बाबांबरोबर पोहे-जिलेबी खायला बाहेर पडली, ती दुपारीच आली. सव्वा महिन्याने ती सोनकच्छला परतली तेव्हा पहिल्या वेळेसारखी दमलेली नव्हती.

तरुण मंडळींना चार गोष्टी

मुलींनो, आईचा आधार घ्यायची लाज बाळगू नका. त्यात तुमच्या शिक्षणाचा किंवा कर्तृत्वाचा काही कमीपणा नाही. पण तो आधार गृहीत धरू नका. तिच्या तब्येतीची चौकशी बाळाच्या तब्येतीइतकीच नेमाने करा. तिच्या जाण्यायेण्याचा, औषधाचा खर्च तुमच्या बाळंतपणाच्या खर्चात आधीच धरा. ती नाही म्हणेल, तरी धरा.

मुलांनो, तुमच्या बायकोची आई येते तेव्हा ती पाहुणी म्हणून येत नाही, कामाला येते. आणि ते काम तुमच्या मुलाचं असतं. ती परत जायच्या आत लंगोट बांधायला, अंघोळ घालायला, रडतं बाळ खांद्यावर घ्यायला तिच्याकडून शिकून घ्या. तुमची मुलगी उद्या फोन करेल, तेव्हा तो बाबांनाही यावा असं वाटत असेल तर तयारी आत्तापासून हवी.

आणि ज्यांना आई नाही, किंवा जी इतकी लांब आहे की येऊ शकत नाही, त्यांच्यासाठी आपण सगळे. माळव्यातली मराठी घरं विखुरलेली आहेत. देवासला चार, सोनकच्छला दोन, धारला पाच अशा ओळखी असतात. आपल्या ओळखीत एखादी नवी बाळंतीण एकटी असेल तर तिच्याकडे फक्त बारशाला जाऊ नका. एखाद्या दुपारी जा, बाळाला दोन तास सांभाळा आणि तिला म्हणा, "तू झोप." सोनकच्छला माझ्या आईसाठी हे आमच्या शेजारच्या मालवी काकींनी केलं होतं. धारहून पत्र येईपर्यंतचा तो आठवडा त्यांनीच निभावला. दुपारी हातातलं काम टाकून त्या यायच्या, मला उचलून आपल्या घरी न्यायच्या आणि आईला एवढंच म्हणायच्या, "सो जा बेटी, मैं हूँ."